डावी टाच

पुन्हा नव्वद.
पाहिजेत ब्याण्णव.

दिव्याखाली, नखाने एकेक टाका पुढे ढकलत
मी मोजतो: टाचेचे उरलेले वीस,
उजव्या कडेवरून उचललेले अठरा,
पावलावर थांबलेले छत्तीस,
डावीकडचे सोळा.
फेरीआड दोन, असे दहा वेळा घटवा, म्हणते वही,
आणि बहात्तर उरतील.
माझे सत्तर उरतात.
वही गणितात नापास, नाहीतर मी विणकामात.

तीनदा उसवलं.
लोकर आता सरळ व्हायचं नाव घेत नाही,
न्हाऊ घातलेल्या पोराच्या जावळासारखी
कुरळी होऊन मांडीवर पडून राहते.
सतरा तारखेला यशोधन लेहला निघणार.
एक मोजा तयार आहे त्याचा, तोही संशयित.

एकतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात तपासनीस होतो मी.
गेज लावायचा. जातो, की नाही जात,
एवढंच विचारायचं लोखंडाला.
नाही गेला की लाल रंगाचा ठिपका, आणि बाजूच्या पेटीत.
पोरं मागे शिव्या द्यायची. देऊ देत.
केसाच्या निम्म्याचा फरक
या अंगठ्याला कळायचा, डोळे मिटून.

दमयंती खुर्चीत.
दिवाळीपासून तिची बोटं नीट मिटत नाहीत,
म्हणून सुया माझ्याकडे, तोंड तिच्याकडे.
"सुलट. सुलट. आता उलट. दोरा पुढे घ्या.
पुढे म्हणजे तुमच्या पुढे हो, माझ्या नाही."
वहीही तिचीच:
नाना पेठेत एलिशाबाई भालेरावांचा क्लास,
शनिवारी तीन ते पाच, सन अठ्ठ्याहत्तर,
बाई सांगायच्या, मुली उतरवून घ्यायच्या.
निळी शाई, पानावर कपाचा अर्धा गोल.

भिंग आणलं.
हा सहा आहे, की घाईतला आठ?
वरच्या ओळीतल्या छत्तीसचा सहा
शेजारी धरून पाहिला. तीच शेपूट, तोच झोक.
सहाच.
आणि सोळा नि अठरा तर कानालाही सारखे लागत नाहीत.
म्हणजे त्या शनिवारी
कुणाचं तरी लक्ष खिडकीबाहेर होतं.

मी हे मोठ्याने म्हणालो.
दापोडीच्या बाजूने मेट्रो गेली, भांड्यांच्या फळीवर
एक वाटी किणकिणली.
दमयंती बराच वेळ काही बोलली नाही. मग:
"लोखंडी कपाटात, खालच्या खणात
तुमचे रात्रपाळीचे मोजे आहेत.
डावा काढा. उलटा करा."

राखाडी. टाचेला डांबरगोळीचा वास.
भिंग लावून मोजले.
उजवीकडे अठरा.
डावीकडे सोळा.
आणि पुढे, तळव्याच्या खोलगट भागात,
जिथे ना बूट घासतो ना कुणाची नजर जाते,
दोन टाके
आधीच्या फेरीतून अलगद उचलून वाढवलेले.
सत्तरचे बहात्तर.
पोटात चोर घेऊन नमुना पुढे बोटांपर्यंत
सुरळीत गेलेला.

"तुला माहीत होतं?"
"पहिल्याच जोडीला कळलं."
"मग वहीत दुरुस्त का नाही केलंस?"
"वही कुठे घालायची होती पायात?"
"निदान मला सांगायचंस."
"तुम्ही विचारलंत कधी?"

नऊ हिवाळे ते मोजे घातले मी.
रात्री अकराला सायकल काढायची, होळकर पुलावरून
नदीचा गारठा पायात चढायचा,
आणि या डाव्या तळव्याखाली
दोन टाक्यांची अफरातफर
दर पायडलला दबत होती.
या अंगठ्याचा एवढा गवगवा,
आणि पाय मुका.

पेन्सिल घेतली.
सहाला आठ करणं सोपं होतं, एक वळसा.
हात तिथवर गेलाही.
मग समासात, कारखान्यातल्या बारीक अक्षरात लिहिलं:
डावी बाजू, सवलतीत पास.
खाली सही. सवयीने तारीखही.

"काय खरडताय? दोरा सुटला बघा."
सुटला होता.
सोळा उचलले होते, ते तसेच ठेवले.
आता तळव्याशी आलो की ती सांगेल
कुठून दोन उचलायचे ते.