समासातली ओळ

मला बेसबॉल येत नव्हता.
अक्षर चांगलं, एवढ्या एका गुणावर
रास अल खैमाच्या त्या कॉलेजात
केमिस्ट्रीच्या लॅबमधून उचलून मला
बाकावर बसवलं, मांडीवर गुणवही दिली.
चौकोनात चौकोन, आत तिरपा चौकोन,
पोरगा घरी पोचला की तो काळा करायचा.
म्हटलं, हे तर पगारपत्रकाहून सोपं.

सोपं नव्हतं.
मी वकट-लेंड-मूंडवर वाढलेला माणूस.
हातातली बॅट टाकून पळायचं,
हेच मुळात जिवावर यायचं.

मैदान म्हणजे दाबून बसवलेली वाळू,
डाव्या कोपऱ्यात गाफचं एकुलतं झाड,
मागे हजरचे डोंगर,
सिमेंटच्या कारखान्यांनी पावडर लावलेले.
नेस्तोर, आमचा कोच, दिवसा इस्पितळात एक्स-रे काढायचा.
पोरांकडेही तसंच बघायचा,
कातडीच्या आत काय मोडलंय ते.

नोव्हेंबरात ओळीनं तीन सामने हरलो.
कुसई चेंडू टाकायचा तो कुठे जाईल
हे त्याला सोडून सगळ्यांना कळायचं.

पट्ट्यांच्या चिन्हांत मन मावेना,
म्हणून डावीकडच्या समासात
पेन्सिलीनं मी मराठीत लिहू लागलो.
“उंट आला. सहा मिनिटं खेळ बंद.”
“जिबिनला ताप. तरी खेळला.”
“नेस्तोर आज ओरडला नाही. काहीतरी बिनसलंय.”
“पारकर तिसऱ्या पायावर. आईचा फोन वाजतोय, उचलत नाही.”

डिसेंबरात धुकं, जानेवारीत जरा सूर.
अल ऐनला अकरा धावांनी.
शारजाला तर कुसईनं
बावीस पोरांना उभं केलं आणि बसवलं.
मी रबर हरवलं तेव्हापासून
आपण हरलो नाही, असं पारकर म्हणे;
मग कुणी मला नवं रबर घेऊ देईना.

अंतिम सामना मार्चमध्ये, दुबईशी.
सहाव्या डावात तीन-तीन.
रोमेलनं चेंडू गाफच्या झाडाकडे मारला,
तिसऱ्या पायावरून मुअतसिम सुटला,
आणि त्याच्या पाठोपाठ शमाल.
दिवे पिवळे, मग तपकिरी, मग नाहीतच.
वारा वहीची पानं माझ्या आधी वाचत होता.

अर्ध्या तासानं टॉवेल झटकत सगळे तंबूत.
दुबईवाले म्हणाले, खेळ आधी थांबला, धाव मागून आली.
आमचे म्हणाले, धाव आधी.
इजिप्तचे पंच म्हणाले, खरं सांगू,
हात वर केले खरे, पण मला स्वतःला
माझेच हात दिसत नव्हते.
दोन्ही वह्या मागवल्या.
त्यांच्या वहीत तो चौकोन कोरा. आमच्यात काळा.
आणि आमच्या समासात
तीन वाकड्या ओळी.

हे काय लिहिलंय? वाचा.

आयुष्यात पहिल्यांदा
कुणी मला मोठ्यानं मराठी वाचायला सांगितलं,
तेही गालात वाळू असताना.
“आठ एक्केचाळीस. मुअतसिम घरी.
आठ बेचाळीस. धुळ आली, काही दिसत नाही.
पंचांनी हात वर केले असावेत.”
मग इंग्रजीत सांगितलं. कुसईनं अरबीत केलं.
‘असावेत’ला त्याच्याकडे शब्द सापडेना,
त्यानं नुसते खांदे उडवले.
पंच हसले. म्हणाले, खोटं लिहिणारा
“असावेत” लिहीत नाही.

चार-तीन.
पुढे काय झालं ते सगळ्यांच्या फोनमध्ये आहे.
मुअतसिमला खांद्यावर घेतलं, नेस्तोर रडला,
पाण्याचा अख्खा पिंप माझ्यावर रिकामा झाला
आणि मी वही डोक्यावर धरून पळालो,
पोरं म्हणाली, सर, आज तुम्ही पण घरी पोचलात.

जूनमध्ये कुसईचा व्हिसा संपला.
रोमेल कतारला गेला, जिबिन बापाच्या दुकानात.
चषकाशेजारी काचेच्या कपाटात
वही ठेवलीय, तेच पान उघडून.
समारंभाला पारकरची आई आली होती.
दापोलीला तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई,
काचेला नाक लावून बराच वेळ उभी.
मला वाटलं, गहिवरली.

वळून म्हणाली,
“धूळ. धू दीर्घ.”

कपाटाची किल्ली प्राचार्यांकडे असते.
मी दोनदा मागितली.