कुडाळ सहा

सड्यावरून तीनशे चिरे भरून निघालो
तेव्हा सव्वासहा झाले होते.
मागे फाळक्याला टेकून सगुण,
डोक्याला टॉवेल, पापण्यांपर्यंत तांबडा.

धामापूरचा उतार दुसऱ्या गियरात घ्यायचा.
भरलेली गाडी उताराला आपलं ऐकत नाही,
आपण तिचं ऐकायचं.
तळ्यावरचं धुकं अजून अंथरुणातच.
मग काळसे: दोन्ही अंगांना कुणगे,
वायंगणी भात गुडघ्याएवढं, मेरेवर चवळी,
आणि भुईमुगात सरमळकरांची सून
पंपाचा पाइप खांद्यावरून
जनावरासारखा ओढत नेतेय.
मी हॉर्न देतो. ती बघत नाही.
ओळख आहे म्हणूनच बघत नाही.

नेरूरपारच्या पुलाखाली कर्ली ओहोटीला लागलेली.
होडीत एक माणूस उभा,
कालवांचा की वाळूचा, वरून कळत नाही.
पोलिसांनाही कळत नाही.

पुढे दोन वळणं टाकली की दगड: कुडाळ ६.
गेल्या साली पांढरा रंग दिला त्याला,
आकड्याकडे कुणी पाहिलं नाही.
मी ही गाडी हातात घेतली तेव्हा
सहा म्हणजे सहा होते.
भात, भात, एक वड, एक सायकलचं दुकान,
मग एकदम कुडाळ, दार उघडल्यासारखं.
आता दगडाला पाठ करेपर्यंतच सुरू होतं:
आधी फ्लेक्स, त्यावर गॉगल घातलेल्या कुणाचातरी वाढदिवस,
मग तारेचं कुंपण आणि लोखंडी गेट,
आत काहीच नाही, गेट मात्र बंद,
मग जिम.
मग एक कुणगा, ज्यात सळ्या उगवल्यात ओळीनं,
टोकांना उलट्या घातलेल्या पाण्याच्या बाटल्या
उन्हात चमकतात.
पाखरं तरीही बसतात.

सगुणला एकदा म्हटलं, बघ कसं अंगावर येतंय शहर.
तो म्हणाला, "आपल्या पायान् इला काय?
आमच्याच गाडीत बसान इला."
खेपेला तीनशे, दिवसाला दोन खेपा, बावीस वर्षं.
कॅलेंडरच्या पाठीवर हिशोब मांडला होता,
पुढे शून्यं मावेनात.
सड्यावर तेवढाच खड्डा आहे.
पावसाळ्यात पोरं पोहतात त्यात.

साइटवर वॉचमनची बायको मल्लव्वा, विजापूरकडची,
चिरे उतरताना मोजते.
तिला मोजायला कुणी सांगितलेलं नाही.
आज अकरा फुटले.
"फुटलेलं मला दे."

सिमेंटच्या गोण्यांमागे तिनं
दोन खाटांएवढी जमीन खणलीय,
मेथी, कोथिंबीर, मिरचीची तीन रोपं,
भोवती फुटक्या चिऱ्यांची मेर.
मुकादम म्हणाला, इथे पार्किंग येणार आहे, जूनमध्ये.
ती म्हणाली, मेथीला महिना लागतो.

सगुण हौदा झाडायला लागला,
तांबडी भुकटी रस्त्यावर उडाली,
तशी ती धावत आली घमेलं घेऊन.
"माती कशाला टाकतो? इकडं घाल."
मी म्हटलं, सड्यावरची आहे, हिच्यात गवतही धड येत नाही.
"बघू," म्हणाली.
आणि बोटांनी खडे वेचायला बसली.

मुकादमानं अकरांचे पैसे कापले.

रिकामी गाडी वाटेवरच्या सगळ्यांना ऐकू जाते.
त्या दगडाच्या पाठीवर मालवण किती लिहिलंय
मी अजून वाचलेलं नाही;
परतताना पाय आपोआप दाबला जातो.
सगुण आता केबिनमध्ये, पाय डॅशबोर्डवर,
बराच वेळ गप्प.
पूल गेला, काळसे गेलं,
पाटाचं पाणी आता रस्त्याकडेच्या कुणग्यात पोचलेलं.
मग म्हणाला,
"दुसऱ्या खेपेक
खड्डो चुकवू नको."