बदलीची ओळ

महापेला तिसऱ्या मजल्यावर
चपला न वाजवता मी ऑफिस मोजलं.
माझी दोन पावलं म्हणजे साडेचार फूट,
घरी टेप लावून ठरवलंय.
कागदावर बेचाळीसशे चौरस फूट होते,
मला मोजायचे होते संडास.
चार. त्यातल्या एकाचा फ्लश गळका.
काचेचं दार किती हात ढकलतात,
पँट्रीत चहा कोण सांडतं,
कार्पेट मुळातच करडं आहे की झालंय,
चौरस फुटाच्या भावात यातलं काही बसत नाही.

बेसिनखाली मार्बलवर पांढरा चट्टा होता,
बशीएवढा.
पै मॅडम म्हणाल्या, हा निघेल ना?
मी उकिडवी बसून अंगठा फिरवला.
म्हटलं, अ‍ॅसिड पडलंय. दगड जळलाय.
नाही निघणार.
तेव्हा कुठे त्यांनी माझं कार्ड वाचलं:
सुरंगी हाउसकीपिंग सर्व्हिसेस.

रात्री कुकर उतरवून ओट्यावरच हिशेब मांडला.
सगुणा आणि रझिया, पीएफ-ईएसआयसी धरून
प्रत्येकी सतरा हजार चारशे.
फिनेल, मॉप, पिशव्या, हातमोजे, सव्वीसशे.
बदली बाई, एकोणीसशे,
कारण सगुणाची लेक सातव्या महिन्यात आहे,
कारण रझियाचा गुडघा,
कारण बाईला महिन्यातून एकदा तरी ताप येतो,
तिला नाही आला तर घरात कुणाला तरी.
माझे एकतीसशे.
मुलाने मोबाइलवर बेरीज तपासली.
बेचाळीस हजार चारशे, वर जीएसटी.
म्हणाला, आई, दोघींपेक्षा तुझेच कमी आहेत की.
म्हटलं, छाप तू.

"लास्ट प्राइस सांगा," पै मॅडम म्हणाल्या,
"रबाळ्याचे एक जण छत्तीसला तयार आहेत."
छत्तीस कसे होतात मला माहीत होतं.
अकरा वर्षं मी त्याच छत्तिसात होते.
हजेरीवर तीन, जागेवर दोन,
फिनेलच्या डब्यात निम्मं पाणी,
सात तारखेचा पगार सतराला.
बोलले नाही.
दुसऱ्याचं माप काढून आपलं दुकान चालत नाही.
पेन मागितलं,
एक ओळ खोडली.
चाळीस हजार पाचशे.
त्या जरा थांबल्या. मग सही करता करता म्हणाल्या,
तुम्ही निदान डागाचं खरं सांगितलंत.

मे महिन्यात सगुणाला नातू झाला,
म्हणून सव्वासातला निळा कोट चढवून मीच गेले.
पँट्री, काच, चार संडास.
साडेनऊला पै मॅडम फोनवर बोलत आल्या,
माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
"ए, बादली घे जरा बाजूला."
घेतली.
लादी ओली होती, घसरल्या असत्या.

अकराला कोट पिशवीत, केस नीट करून
बिल द्यायला पुन्हा वर.
"या, या, बसा ना. काम छान आहे तुमचं.
आज सकाळी ती नवी होती ना,
तिलाच कायमची ठेवा."
म्हटलं, ती परवडणार नाही.

खुर्चीच्या हातावर फडक्याची एक रेघ राहिली होती.
बोलता बोलता पदराने काढली.