एडक्के, बलक्के

वडगावात विणकर सोसायटीच्या हॉलला
अजून सुताचा वास येतो, आणि खळीचा.
दारावर पाटी होती, दोन भाषांत.
एक ओळ कुणी डांबर फासून मिटवली,
दुसरी पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणी.
आता नुसतंच डांबर,
आणि खाली खडूनं आकडा: सहा.

मी पावणेसहालाच पोचले.
लेकीचे बूट, एक नंबर मोठे,
पुढं कापूस कोंबलेला.
डॉक्टर म्हणाले होते, साखर वाढलीय, चाला.
चालतेच की रोज,
कांद्याला, रेशनला,
नळाला पाणी आलं का बघायला.
ह्यांना सांगितलंय, भिशी आहे.

चैत्रा गोकाककडची, कॉलेजात शिकते,
स्टुलावर स्पीकर ठेवते आणि
आमच्याकडं पाठ करून उभी राहते.
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.
बाजारातलं कानडी मला येतं,
भाव, माप, सुट्टे, उद्या देते.
पायांचं कानडी निराळं.
एडक्के! ती ओरडली. डावीकडं.
मला ऐकू आलं, येडे!
आणि मी ओ दिली.
बलक्के! म्हणजे उजवीकडं, एवढं कळायला पाहिजे होतं,
पण मी आहे तिथंच
बळ लावून पाय आपटला.
शेजारच्या शमीमभाभी
उजवीकडं निघाल्या होत्या, त्या माझ्यावर आल्या.
दोघी धरून उभ्या राहिलो,
भांडणात बायका धरतात तशा.
त्यांचा घाम माझ्या दंडाला लागला.
वीस वर्षं एका गल्लीत राहून
पहिल्यांदाच.

आरसा नाही हॉलला.
बाहेर अंधार पडला की खिडक्या आरसा होतात,
तोवर कोण कशी दिसते कुणाला ठाऊक नाही,
आणि तेवढाच वेळ बरा असतो.
मग काचेत एक बाई दिसली,
साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली,
सगळ्या बसल्या की उठणारी,
सगळ्या वळल्या की राहणारी.
मुतगेकर मावशींना हसू आवरेना,
त्यांचं स्वतःचं तोंड उलट्या भिंतीकडं.

गाणं कुठल्या भाषेतलं, कळलं नाही.
तिसऱ्या गाण्याला मी शब्द सोडून दिले,
चैत्राचे हात सोडून दिले,
नुसतं खालचं ऐकलं, ढोलाच्याही खालचं.
खटाक् खट. खटाक् खट.
हे तर आमच्या पडवीतलं.
तीस वर्षं भिंतीपलीकडं माग चालला,
मी इकडं कांड्या भरल्या,
त्याच ठेक्यावर पोरगी निजवली,
कुकरच्या शिट्ट्या मोजल्या.
गेल्या दिवाळीला भंगारवाल्यानं माग नेला
किलोच्या भावानं,
आणि रात्री इतकं शांत झालं
की आम्हा दोघांना झोप येईना.
हे उठून पाणी पीत, मी झोपल्याचं सोंग करी.

पाय गेले. मी नाही नेले.
एक पुढं, एक मागं, टाच, चवडा,
बुटातला कापूस सरकला, सरकू दे.
सगळ्यांच्या एक मात्रा मागं होते, पण
माझ्या मागं कुणी नव्हतं,
म्हणजे मी बरोबरच होते.
चैत्रा मान वळवून म्हणाली, हांगे अक्का, हांगे.
अस्संच.

नंतर पायरीवर बसून बूट काढला.
करंगळीला रुपयाएवढा फोड.
शमीमभाभींनी पर्समधून पट्टी दिली,
म्हणाल्या, उद्या दोन आणते.
उद्या येणार का, असं त्यांनी विचारलंच नाही.

घरी हे टीव्हीसमोर,
आवाज बंद करून बातम्या बघत.
माझ्याकडं न बघता विचारलं,
भिशी कुणाला लागली?
मी जिन्याचा कठडा धरून
एकेक पायरी चढत होते.
मला, म्हटलं.