चार बोटं जागा

मानेवाड्याच्या पुढे, लेआउटमधल्या एकोणीस नंबरच्या प्लॉटवर
आमची बाग म्हणजे तीन वाफे.
वर बिल्डरनं ओतलेला मुरूम, खाली काळी माती,
आणि मार्च लागला की
दोन्ही चिरत गेलेली, बोट मावेल एवढी भेग.

माती झाकायची, इतकं मला कळलं होतं.
कशानं, हे कळायला चार उन्हाळे गेले.

नर्सरीवाला म्हणाला, पांढरे गोटे टाका मॅडम, शोभून दिसते.
शोभले.
एप्रिलमध्ये मोगऱ्यापाशी वाकले
तर तव्यावर तोंड धरल्यासारखी झळ.
रात्री अकरा वाजता अंगण निजलेलं, गोटे टक्क जागे.

मग लकडगंजातून भुसा, सागाचा, ताजा,
वासाला इतका चांगला
की पोत्यात हात घालून मी नुसतीच बसले होते.
महिन्याभरात वांगी पिवळी पडली.
भुसा कुजताना मातीतलं नत्र आधी आपणच खातो
हे सांगणारे पुष्कळ निघाले,
वांगी गेल्यानंतर.

कूलरच्या ताट्यांतलं जुनं गवतही घालून पाहिलं,
खाऱ्या पाण्याचा पांढरा थर बसलेलं,
उन्हाळाभर आम्हाला गार करून थकलेलं.
मिरची रुसली ती रुसलीच.

उमरेडहून आलेल्या कुटारातून
जुलैत आपोआप सोयाबीन उगवलं.
शेजाऱ्यांना मी सांगितलं, लावलंय.

रत्नमाला गजभिये पहाटे साडेपाचला कोपऱ्यावर यायची.
शिरीष, कडुनिंब, मैदानाच्या कुंपणावरचा साग,
सगळ्यांचा पाला खराट्यानं एका ढिगात,
आणि पदराच्या गाठीतून काडेपेटी.
मी म्हटलं, जाळू नका, मला द्या.
"काऊन? जयला का माही ड्युटी खतम.
तुमाले देऊ, त उचलन कोण?"
मी उचलीन.
"मंग घ्या ना जी. कचऱ्याले काय मालक रायते?"

पोती मोजली नाहीत. एका रविवारी ती फाटकातून आत आली,
लिंबाच्या बुंध्याशी मी हौसेनं रचलेला ढीग बघितला
आणि उकिडवी बसून दोन्ही हातांनी मागं सारला.
"गळ्यापासी नोका लावू. दम घुटते त्याचा, बुडखा सडते.
चार बोटं जागा ठेवा."
चारही बोटं तिनं खोडाला आडवी लावून दाखवली,
एकावर काडीचा जुना चटका.
"आन् सागाचं पान अख्खं नोका टाकू,
पाणी वरच्या वरच रायते. मोडा त्याले.
पयले पाणी, मंग पाला.
सुक्यावर झाकलं, त सुकंच रायते."

कुठं शिकलात, विचारलं
तर रामटेककडचे पानमळे, आई, रोजंदारी
असं काहीसं म्हणाली,
आणि चहा अर्धा टाकून उठली, हजेरीची वेळ झाली होती.

मे महिना. पारा शेहेचाळीस.
दुपारी दोनला डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून
मी वाफ्यातली पानं बोटानं बाजूला केली.
वरची करकरीत. मधली मऊ, पांढऱ्या तंतूंनी शिवलेली.
आणि खाली ओल.
वेटोळं घालून निजलेला एक पैसा किडा,
आणि बोटाला लागलेला गारवा,
विजेचं बिल न येणारा.
मी घाईनं पांघरूण परत घातलं,
कुणाच्या खोलीत न विचारता डोकावल्यासारखं.

वीतभर घातलेलं दिवाळीपर्यंत बोटभर उरतं.
पहिल्या वर्षी वाटलं, कुणी चोरतंय की काय.
आता कळतं, ते खालीच जातं,
भेगेत, मुरमात, लिंबात.
दर वर्षी पुन्हा घालावं लागतं, याची तक्रार
मी आता करत नाही. फारशी.

रत्नमालाची बदली झाली जरीपटक्याला.
तिच्या जागी एक पोरगा आलाय, कानात वायर,
आणि तीन दिवस झाले, कोपऱ्यावर धूर.
आज धुवायच्या कपड्यांतून दोन पोती वेगळी काढून
फाटकाला अडकवून ठेवली आहेत.
सकाळी आधी त्याचं नाव विचारायचं.
पाल्याचं नंतर.