चाबी

वाडी नाक्याच्या आत, टायरवाल्याच्या मागच्या शेडात,
नवतप्याच्या दुसऱ्या दिवशी
आम्ही डबल केबिनचं नाक कापलं.

गाडी उमाकांत निनावेंची. वीज खात्याच्या लिलावातली.
टपावर शिडी, हौद्यात चिनीमातीचे इन्सुलेटर,
पुढे तिघं, मागच्या बाकावर पाच लाइनमन
असं बावीस वर्षं.
निनावे त्या बाकावर डावीकडून दुसरे.
रिटायर झाले आणि बाकासकट गाडी घेऊन आले.
"इंजिन बदला, गेअर बदला, ब्रेक बदला.
मागच्या बाकाले हात नका लावू."

दुसरी आली टोचनवर, बुटीबोरीकडून.
चार वर्षांची. डावी बाजू चुरगळलेली,
उजवी अजून शोरूमची.

शालिकदादा वेल्डिंग करतो, वायरिंग मी.
गिऱ्हाईक अजूनही मलाच विचारतं, वायरमन कुठं गेला.

जुनीत वायरी मोजून एकोणीस.
लाइट, हॉर्न, वायपर, चार्जिंग:
तिला एवढंच बोलायचं असायचं.
नवीच्या इंजिनातून मनगटाएवढी वेणी निघाली,
सोडून पसरली तर खाट पुरेना.
एकेका वायरीला मी चिकटपट्टी लावून नाव दिलं.
घामानं नावं पुसायची. परत लिहायची.

तिकडे गेअरबॉक्स अडीच इंच मागे सरकला,
शाफ्ट लेथवर जाऊन आखूड होऊन आला,
माउंटिंग दादानं तीनदा कापलं, तीनदा जोडलं,
चौथ्यांदा शिवी दिली तेव्हा बसलं.

आठव्या दिवशी सेल्फ मारला.
इंजिन फिरलं. पेटलं नाही.
मीटरवर कुलपाचं लाल चित्र.
"काहून बे? डिझेल येऊन नाही राहिलं का?"
"येऊन राहिलं, दादा.
ते आपल्याले ओळखून नाही राहिलं."

भंगारवाल्यानं लॉक फोडून गाडी दिली होती, चाबी नाही.
अन् चिप होती चाबीत.
नव्या चाबीचा भाव ऐकून निनावे
बराच वेळ बाकावर बसून राहिले.

खणात विम्याचा कागद सापडला. त्यावर पत्ता, हिंगण्याचा.
दुपट्टा बांधून स्कूटीनं गेले.
वनिता चकोले कूलरच्या ताट्यांवर पाणी मारत होत्या.
मी काय म्हणाले ते नीट आठवत नाही.
त्या आत गेल्या.
दाराआडच्या खिळ्याला चाबी होती,
तिला पिवळी प्लास्टिकची शिटी.
"हे रिव्हर्स घेत, तवा पोरगी वाजवे."
शिटी सोडवायला वेळ लागला. कडी घट्ट होती.
मी पक्कड देऊ केली. नको म्हणाल्या, दातानं उघडली.

"कोणाच्या गाडीत बसवलं?"
"लाइनमनच्या. मागं पाच जण बसतात."
"हे एकटेच राहत गाडीत," त्या म्हणाल्या.
मग, मी किक मारताना:
"एक डाव आमच्या गल्लीतून न्याल.
थांबू नका, फक्त न्या."

चाबी फिरवली. लाल कुलूप विझलं.
मीटरवर त्र्याऐंशी हजार चारशे बारा किलोमीटर,
चालवले कोणी, मोजणार कोण.
जुन्या गाडीचा आकडा वहीत होता, म्हटलं टाकते.
निनावे म्हणाले, राहू द्या.
"याचेही कष्ट हायेत."

स्टिअरिंग दादाकडे, मी बाजूला.
मालक मागे, डावीकडून दुसरे,
उरलेल्या चौघांची जागा सोडून.

हिंगण्याची गल्ली, दुसरा गेअर,
दारं उन्हाला लावून घेतलेली.
जुन्या पत्र्यात नवं इंजिन इतकं हळू बोलत होतं
की कोणाला कळेल असं वाटलं नाही.

मग मागून कुठल्यातरी घरातून शिटी.
एक लांब, दोन छोट्या:
येऊ द्या, येऊ द्या.

दादाचा पाय आपोआप ब्रेकवर.
डिस्क लगेच धरली, बाकावर निनावे पुढे झुकले.
चाल, मी म्हणाले.
थांबायचं नाही ठरलं आहे.