पहिले दोन मणके

आचऱ्याच्या बंदरावर मी इंजिनं खोलतो,
सैल नट नुसत्या आवाजावरून ओळखतो.
शेवंतीच्या मानेतला कळला नाही.
तीस वर्षं डोईवर पाटी,
हातांना मुंग्या यायच्या
त्या आम्ही बर्फाच्या समजलो.

ओरोसच्या डॉक्टरने फिल्म उजेडाला धरली:
कवटीखालचे पहिले दोन मणके
एकमेकांना धरून नाहीत.
हे जोडणारे हात थोडे,
तेही घाटापलीकडे, लांब.
तारीख चार महिन्यांनी.

तोवर कॉलर. तोवर रिक्षा नको,
खड्डा नको, शिंकसुद्धा जपून.
रात्री ती शिंकली की मी अंधारात
तिची बोटं चाचपतो:
हलव. हं, आता करंगळी.

दहा एचपीचं इंजिन विकलं परवा.
घेणाऱ्याने विचारलं, आवाज कसला येतो?
मी म्हटलं, काही नाही, चांगलं आहे.

काल बांगडे साफ करताना,
मान ताठ, डोळे तेवढे खाली,
तिने विचारलं,
"स्क्रू मारल्यार मान वळतली?"
अर्धी, म्हणालो. कदाचित तेवढीही नाही.

बराच वेळ नुसता विळीचा आवाज.
मग, "होडी खंय मान वळयता?
आख्खीच वळता."

मी पाना पुसत बसलो,
पुसलेलाच.